सावळारामनं ओवलेली फोनची दोरी

...आन् वर ती मण्यांची दोरी शिकवणारी फोनमधली पोरगी काय म्हणती म्हाईताय का, ‘हॅलो दोस्तों, सिर्फ पाँच मिनट में!’ पाच मिनिटात? अगं बाई, तुजी बोटं गवारीच्या शेंगा, आन् आमच्या सावळारामची बोटं म्हंजी आल्याचं गड्डं! त्या बोटात साबुदाण्याएवढा मणी धरायचा, त्याच्या भोकात नायलॉनचा तंगूस घालायचा... तंगूस वळतो हिकडं, मणी पळतो तिकडं, आन् सावळाराम नुसता बघतो. राग आला? न्हाई. हसू आलं? न्हाई. उचलला मणी, लागला ओवाया.

आता तुमाला सांगतो, ह्यो बोरी बुद्रुकचा साठीतला गडी मण्यांच्या नादाला लागला कशापायी. बायकू गेली त्याची, कुशाबाई. चालती-बोलती बाई, तापाचं निमित्त झालं आन् गेली. तवापासनं सावळाराम म्हंजी लाईट गेल्यावरची मोटर. जेव म्हणलं की जेवतो, ऊठ म्हणलं की उठतो. रडायचं नाव न्हाई. त्यात टमाट्यावर फवाराया गेला, वाकला, आन् खिशातला फोन गेला औषधाच्या ड्रममधी! राग आला? न्हाई. उरलेलं औषध फवारलं, घरी आला, आन् कुशाबाईचा फोन वापराया लागला.

आता त्या फोनवर कुणाचं फोन येणार? ‘मावशी हायत का? कुरडया पायजे व्हत्या.’ ‘न्हाईत.’ ‘कुठं गेल्यात?’ ‘गेल्यात.’ ‘मग कवा येतील?’... सांगा राव, काय उत्तर देयाचं माणसानं?

लेक हाय मंचरला, रुपाली. ती घाबरली. ‘आप्पा, आईचा फोन तरी पाडू नका, समदं फोटू त्यातच हायत! गळ्यात अडकवायला मण्यांची दोरी करा. इकत आणू नका, घरी करा, हाताला काम लागलं की मन मोकळं व्हतं.’ आन् धाडला व्हिडिओ.

गेला जुन्नरला, पारसमल शेठच्या दुकानात. शेठचा जिनेश म्हणतो, ‘काका, गुलाबी देऊ, आकाशी देऊ, का मोती देऊ?’ ‘मळणार न्हाईत असलं दे.’ मग काळे दिले. ‘नुसते काळे भकास दिसतात काका, मधीमधी सोनेरी घाला.’ ‘घाल.’ झाली खरेदी!

घरी परातीत मणी वतलं, तर शेजारच्या ठमाबाईची कोंबडी आली आन् दाणं समजून लागली टिपाया! ठमाबाई वरडती, ‘अगं बया, माजी अंड्यावरची कोंबडी! तुमचं मणी खाऊन मेली म्हंजी?’ एकदा तर दोरी पुरी होत आली आन् गाठच सुटली, समदं मणी खाटंखाली. आमी चार बाप्ये गुडघ्यावर रांगतोय, आन् ह्यो वर शांत बसलाय. वाईट वाटलं? न्हाई. लागला पुन्यांदा ओवाया.

शेवटी झाली एकदाची. काडी वढून गाठ चिकटवली, खाली फोन अडकवला, गळ्यात घातली आन् निघाला डेरीवर. वाटंनं जो त्यो वळून बघतोय! डेरीवरचा आदेश माप हातात धरून तसाच हुबा. ठमाबाईनं तोंडाला पदर लावला. ‘भावजी, गळ्यात काय वो ह्ये?’

‘फोनची दोरी.’

‘दोरी कशाची, मंगळसूत्र हाय त्ये!’

आमी बघतोय तर काय... काळं मणी, मधी सोनेरी, आन् वाट्यांच्या जागी कुशाबाईचा फोन! हसावं तर माणूस दुखवट्यातला, न हसावं तर पोट फुटतंय. त्याला लाज वाटली? न्हाई. दूध घातलं, रिकामी किटली उचलली, आला घरी.

ही बातमी मंचरला पोचाया कितीसा येळ? रुपाली आली धावतपळत, हातात गुलाबी मण्यांची पुडी आन् कात्री. ‘आप्पा, लोक हसत्यात! आना हिकडं, मी तोडून नवी ओवून देते.’

तशी सावळारामनं दोन्ही हातांनी ती दोरी गच्च धरली. इतक्या दिसांत त्यानं असं काय गच्च धरलेलं आमी बघितलं नव्हतं. रुपालीच रडाया लागली. ह्यो आपला कोरडा ठाक.

म्हणतो कसा, ‘तुज्या आईला मंगळसूत्र बांधलं तवा भटजीची घाई व्हती, एका मिंटात उरकलं. ह्ये ओवताना माजं डोळं गेलं. आता काढायचं नाव काढू नगंस.’