नाटकानंतर : लेखकाशी गप्पा

(कार्ल्सरूहे. एका सभागृहामागची छोटी खोली, रविवारची दुपार. मराठी मंडळाच्या नाटकाला अर्धा तास आहे.)

श्रीरंग : हळू सांग, लिहून घेतोय. हा नाटककार, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. पुढे?

सुलेखा : पुढे हुशार. शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेला. डिग्री द्यायला विद्यापीठ कुरकुरत होतं, तर थेट राणीच्या दरबारातून पत्र आलं, देऊन टाका म्हणून.

श्रीरंग : का?

सुलेखा : सरकारसाठी हेरगिरी करायचा म्हणतात. आख्खा पहिला अंक त्यावरच आहे.

श्रीरंग : गेनाऊ, बरोबर, ते वाचलंय मी.

सुलेखा : कधी?

श्रीरंग : चाळलंय गं. आता टोचू नकोस. नाटक संपलं की सिटीच्या कल्चर ऑफिसमधली ती फ्राउ लेनार्ट मला स्टेजवर बसवून प्रश्न विचारणार. पहिलाच प्रश्न, एलिझाबेथ राणीच्या काळातला इंग्रज नाटककार विषय म्हणून का निवडलात? तेही जर्मनीत राहून, मराठीत? काय सांगू?

सुलेखा : खरं सांग. मी नाही निवडला, बायकोने निवडला.

श्रीरंग : परत तेच. किती वेळा सॉरी म्हणू?

सुलेखा : अजून एकदाही म्हणालेला नाहीस. 'झालं ते झालं' म्हणालास, 'एवढं काय त्यात' म्हणालास.

श्रीरंग : अगं, फॉर्मचा घोळ आहे. मंडळाची फॅमिली मेंबरशिप माझ्या नावावर, आणि कार्यक्रम नोंदवायचा तो मेंबरच्या नावाने. पोस्टर करणाऱ्या कुमारने तिथलं माझं नाव उचलून लेखक म्हणून टाकलं. मुद्दाम नाही केलं कुणी.

सुलेखा : कुमारला मी काही म्हटलंय? पोस्टरचं प्रूफ तुला कधी आलं?

श्रीरंग : बघावं लागेल.

सुलेखा : श्रीरंग.

श्रीरंग : तीन आठवडे झाले असतील.

सुलेखा : आणि तू त्या प्रूफखाली 'ओके'चा अंगठा टाकलास. पिवळा. मी बघितलाय तो ग्रुपवर.

प्रताप : येऊ का? काय लेखकमहाराज, तयारी जोरात! वहिनी, मध्यंतराचा चहा तुमच्याकडे ना? ती मोठी किटली पेटेना झालीय.

सुलेखा : प्रतापदादा, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष. दर शनिवारी तालीम कोण घेत होतं?

प्रताप : तुम्हीच की! तुमच्याशिवाय पान हलत नव्हतं. भाषणात म्हणणारच आहे मी, यशस्वी लेखकाच्या पाठीशी सौभाग्यवती कशा भक्कम उभ्या...

सुलेखा : नाटक मी लिहिलंय.

प्रताप : माहितेय हो वहिनी.

सुलेखा : तुम्हाला माहितेय?

प्रताप : म्हणजे काय, सगळ्यांनाच कल्पना आहे. पण घरातल्या घरातच आहे ना? आता पुस्तिका छापून झाल्या, दोन्ही भाषांत. स्टेजवर उभं राहून चूक कबूल करायची म्हणजे त्या जर्मन पाहुण्यांसमोर मंडळाची शोभा. दिवाळी अंकात टाकू आपण तुमचं नाव, ठळक टाकू.

सुलेखा : त्याचं पहिलं नाटक छापलं, तेव्हाही वर नाव नव्हतं.

प्रताप : कुणाचं?

सुलेखा : जाऊ दे. किटली पेटत नाही, तिचं बटण दोनदा दाबावं लागतं.

प्रताप : बघा, तुम्हालाच माहीत! श्रीरंग, पाच मिनिटांत बाहेर ये रे.

श्रीरंग : ऐकलंस ना? सगळ्यांना माहितेय. मग प्रॉब्लेम काय आहे?

सुलेखा : सगळ्यांना माहितेय, हाच. लिही, मेला कसा ते. एका घरात चौघं जेवायला जमले, त्यातला एक हा. संध्याकाळी भांडण झालं आणि डोळ्याच्या वर सुरा बसला. उरलेल्या तिघांनी एकसारखी जबानी दिली, सुरुवात त्यानेच केली म्हणून. मारणाऱ्याला महिन्याभरात राणीची माफी. ह्याचं वय एकोणतीस.

श्रीरंग : भारी मटेरियल आहे गं हे.

सुलेखा : हो ना.

श्रीरंग : आल्झो, तर आता शेवटचा प्रवेश. खून झाल्यावर नाटक संपत नाही, त्याची आई येते. लेनार्टबाईंनी पुस्तिकेतला सारांश वाचलाय, त्यांना तेच विचारायचंय. आईच का?

सुलेखा : कारण तिला बातमी कधी कळली, कुणी सांगितली, हे कुठे सापडत नाही. मुलगा नक्की कुठे पुरलाय, तेही नाही. आपल्या गावी ती त्याची वाट बघत बसली असेल, असं धरून मी लिहिलं.

श्रीरंग : आणि हे सुचलं कसं, विचारलं तर?

सुलेखा : माझी आई गेली तेव्हा सुचलं. तू म्हणालास ऑफिसात गो-लाइव्ह आहे, नवी सिस्टिम सुरू होतेय, अन्वीला शाळेतून कोण आणणार, आता भारतात जाऊन उपयोग तरी काय. आईचे अंत्यविधी मी फोनवर बघितले, इथे वॉल्डॉर्फला आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून. मग तिथेच ओट्याशी पंधरा दिवस लिहीत होते. तू विचारलंस, आज पोळ्या नाहीत का.

श्रीरंग : मला माहीत नव्हतं, हे त्यातून आलंय.

सुलेखा : वाचलं असतंस तर कळलं असतं.

श्रीरंग : सॉरी, सुलेखा. खरंच सॉरी. पण तो अंगठा... अगं, इथे आपल्याकडे आल्या आल्या आईने पोस्टर बघितलं आणि रडायलाच लागली. पुण्यात सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, तुझा अभिमान वाटतो. मग माझ्याच्याने नाही सांगवलं.

सुलेखा : माझी आई असती तर तिनेही पाठवलं असतं.

श्रीरंग : मी काय करू आता?

सुलेखा : उत्तर लिहून घे. 'आई गेली तेव्हा मला जाता आलं नाही, म्हणून हा प्रवेश लिहिला.'

श्रीरंग : असं कसं म्हणू? माझी आई समोर बसलीय.

सुलेखा : माहितेय. पहिल्या रांगेत मीच बसवून आलेय त्यांना.