दुपारचे थेंब

—नाय नाय, काटा आदी सरल ठेव, बाय, मग नातीला निजव. सरकारी आशाताईचं काम करतेस, एवढं कलत नाय? जल्मली तवा चौदाशे ग्रॅम. उरनच्या बाजारातून मी जिताडा मासा आनते, तो हिच्या दुप्पट भरतो. सातव्या मयन्यातच आली — आईवर गेली, आमच्या सुनेला, समीक्षाला पन सगल्याची घाई. किती भरली? दोन किलो तीनशे? बग. गुटीचा गुन हाय. हो, उगालून चाटवली मी, डोले नको वटारू — एकदाच, मग सुनेनं सहानच लपवली. शिकलेली ना ती. डॉक्टरनं लिवून दिलेलं थेंब तिला तीर्थासारखं. लोखंडाचं थेंब म्हनं. मी सगल्यांसमोर बोलले, एवढ्याशा पोरीला लोखंड कशाला, पोटात स्लॅब टाकायचाय का? कल्पेश माजा लेक, तो हसला, सून रुसली, दोन दिस माज्याशी बोलली नाय.

बाटली? फ्रिजवर हाय. रिकामी? असंल. मयनाभर पुरायची ती पंधरा दिसात संपली, तर मी काय करू — सांडली असंल सुनेनं. शी काली होते, हो, पन ती थेंबांनी होतेच, तूच बोललीस. काय बगतेस अशी? मी नाय. मी कशाला देऊ — बरं, देते. दुपारी, समीक्षा झोपली की. ती इसरत असंल असं वाटलं मला. माजं पन एक सातव्या मयन्यातलं होतं, कल्पेशच्या आदीचं. कापसात गुंडालून ठेवलं, गुटी चाटवली, सतरा दिस टिकलं. मला भ्या वाटतं, बाय, लय भ्या वाटतं. पन सगल्यांसमोर थट्टा केल्यावर कुठल्या तोंडानं सांगू, की पोरीसाठी मला पन ते थेंब पायजेत?

समीक्षा सकाली देते? रोज? एक दिस चुकली नाय?

म्हंजे रोज डबल गेलं पोरीच्या पोटात.

आजच डॉक्टरकडं न्यायची? नेते, बाटली पन घेते. तू बोल ना तिला, सांडली म्हनून — नको? बरं.

समीक्षा, इकडं ये गं. पोरीला घे, नि बस माज्याजवल. तू जा आता, बाय, दार वढून घे. हे मला एकटीलाच बोलायचंय तिच्याशी.