क्लेम 'मेट' म्हणतो तेव्हा

हलू नकोस, लायल! सुई भुवईतून आरपार आहे, जरा हललास तर डोळ्यात जाईल. — कोंबडी भरून शिवायचा दोरा आहे, उकळून घेतलाय, तोंड वाकडं करू नकोस. काय म्हणालास? 'मी तर त्याला मेट म्हणालो, दोस्तच की'? अरे, म्हणूनच तर फोडलं ना तुला! नुसत्या मेंढीपायी क्लेम एका ठोशावर थांबला असता — नवरा आहे माझा, ओळखते मी. तुम्हा दोघांचं मेंढ्यांचं वाडगं एक, दोघांनी त्यातूनच एकेक मेंढी लोकर कातरायला ओढायची — आणि शेवटची, सुरकुत्यांची, लाथा झाडणारी, ती कोणाची? ज्याची पाळी येईल त्याची, खरं ना? आणि तू? आठवडाभर कातरताना मुद्दाम रेंगाळलास, अंदाज घेत बसलास, नि ती अवदसा दर वेळी क्लेमच्या गळ्यात मारलीस. अख्खी शेड बघत होती. वर आज दात काढून म्हणतोस — 'सॉरी, मेट'! इथं पोस्टमनला मेट म्हणतात, पोलिसाला म्हणतात, कुत्र्यालासुद्धा म्हणतात, कोणी हूं की चूं करत नाही — पण वाडग्यातल्या जोडीदाराला म्हणायचं तर आधी ती लाथाळ मेंढी आपण ओढायची, मग तोंड उघडायचं.

आणि क्लेम स्वतः कधी म्हणतो, ठाऊक आहे? खुशीत असला की मी 'ग्लेनिस'. चिडला की शिव्या — शिव्या बऱ्या रे, शिव्यांत माणूस मोकळा होतो. पण हळू आवाजात, अगदी लाडानं 'मेट' म्हणाला, की… हे बोट बघ, वळत नाही. चहा पाणचट झाला होता. दात? ते घोड्यानं लाथ मारली तेव्हा — घोडा कुठला, आमच्याकडे घोडा होता कधी!

झालं. पिठाच्या डब्यात हात घाल, गाडीची किल्ली आहे. घे ना! मला पळायला म्हणून मीच लपवली होती. मी पण येऊ? एकदा गेले होते, बर्क गावापर्यंत पोचलेही होते — केसांना धरून परत आणलं त्यानं. दोघं गेलो तर दोघांनाही गाठेल.

श्श! — ऐकलंस? अंगणातून हाक मारतोय. कसा मऊ आवाज काढलाय बघ. — तुला नाही रे, तू इथं आहेस हे त्याला कुठं ठाऊक? मला म्हणतोय, 'मेट'.

मागच्या दारानं जा. आणि जाताना तो मटणाचा सुरा इकडे सरकव — तो नाही, मोठा. हं. नीघ आता.