हत्तीपुढं वाजवलेलं ताट

आबा, आफ्रिकेचं कौतुक मला सांगू नका! माझं पोरगं तिकडं नोकरीला हाय, म्हणून गेलो. त्यानं मला नदीतल्या एका बेटावर मुक्कामाला नेलं. जंगल बघायला येणाऱ्यांसाठी एका कुटुंबानं तितं तंबू टाकल्यात. मालकीणबाई स्वतः स्वयंपाक करून वाढती. तिनं तंबूमागं कोबी लावलेला, असा कोबी आपल्या कन्हेरी गावातबी बघितला न्हाय.

सकाळी न्याहारीला बसलो, तर हत्ती कोबीत! बाकीचे पाहुणे फोटो काढायला लागले. उभं पीक चाललंय आणि ही माणसं हसत्यात? मला काय ऱ्हावंना. उसातली रानडुकरं हाकलण्यात जन्म गेला माझा. पुढ्यातलं पत्र्याचं ताट उचललं, चमच्यानं बडवलं आणि बोंबलत सुटलो. हत्ती गेला नदीत.

आता आभार मानायचं का न्हाय? बाई माझ्यावरच खेकसली! पोरगं म्हणलं, "आण्णा, ती म्हणती, बेटाचा मालक हत्ती हाय, आपण पाहुणं. मालक जेवताना आरडायचं न्हाय."

म्हंजी पीक मी वाचवलं आणि गुन्हेगारबी मीच! डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या नातीचा वाढदिवस. बाईनं केक मांडला, तर झाडावरनं माकड थेट केकवर! बाई माझ्याकडं बघून ताट वाजवायच्या खुणा करती.

मी ताट शांतपणे पालथं ठेवलं आणि पोराला म्हणलं, "सांग तिला, मालक जेवतायत."