सुनंदानं जाळलेलं पुस्तक

कॉपीराइट म्हणता ना भाऊ, तो आमच्या सौंसरच्या संत्र्याच्या शेडातही येऊन गेला.

माझी लहान बहीण सुनंदा पांढुर्ण्याच्या आयटीआयत शिकवते. लहान-मोठी संत्री वेगळी करणारी आमची ग्रेडिंग मशीन घडीघडी बंद पडे अन् कंपनी दुरुस्तीचं पुस्तक काही देत नव्हती. सुनंदानं ते एका बंद पडलेल्या कारखान्यातून मिळवलं, स्कॅन केलं अन् सगळ्याइच्या कामी यावं म्हणून इंटरनेटवर टाकलं.

मग कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. पुस्तक काढा, एकही प्रत ठेवू नका, नाहीतर कोर्टात या.

"दादा, मी चोरी केली का?" तिनं नोटीस माझ्यापुढं धरली.

"तुही नोकरी जाईन बाई. काढून टाक."

तिनं फाइल मिटवली अन् पुस्तक चुलीत घातलं.

ऐन बहारात मशीन ठप्प झाली. कंपनीनं नागपूरहून मेकॅनिक पाठवला. त्यानं झाकण खोललं, मोबाइल काढला अन् बोट फिरवत बसला.

"काय पाहून राहिले?" शेडात आलेल्या सुनंदानं विचारलं.

"एका साइटवर याचं पुस्तक होतं, ताई. त्याच्यावरूनच काम करतो आम्ही. आता दिसून नाही राहिलं."

"तुमच्या कंपनीजवळ नाही?"

"आहे ना. पण आम्हाले देत नाही. बाहेर फुटते म्हणते."

सुनंदा माझ्याकडे पाहत राहिली. मशीन सुधरली नाही, अर्धा माल शेडातच सडला. पण मले टोचते ते त्या पोराचं जाता जाताचं बोलणं.

"ताई, दादा सांगत होते, तुम्ही आयटीआयत शिकवता. कुठं भेटलं पुस्तक तर टाका ना इंटरनेटवर."