पेंग्विन तेवढे हुकले

वुडलँड्सच्या क्लिनिकमध्ये बाळाला लस द्यायला आलेली अनघा नंबराची वाट बघत बसली होती. पुढच्या बाकावरून मराठी ऐकू आलं आणि तिने कान टवकारले. नातवाला खांद्यावर घेतलेल्या आजी, त्यांची सून आणि सुनेची मैत्रीण.

सून मैत्रिणीला सांगत होती, "न्यूझीलंड म्हणजे स्वर्ग गं! मी, धवल, आई आणि बाळ, आपली आपण गाडी चालवत फिरलो. हिमनदी, सील, सगळं पाहिलं. पेंग्विन तेवढे हुकले. संध्याकाळभर किनाऱ्यावर कुडकुडत बसलो, पण एक म्हणून आला नाही."

"काकू, हिमनदी कशी होती हो?" मैत्रिणीने आजींना विचारलं.

"आई गाडीतच होत्या," सूनच म्हणाली. " बाळाला थंडी बाधली असती ना."

"आणि सील?"

"तेव्हाही. बाळ झोपलं होतं."

"पेंग्विन मी पाहिला," आजी म्हणाल्या.

"काय? कुठे?"

"पार्किंगमध्ये. तुम्ही किनाऱ्यावर होतात तेव्हा. तुरुतुरु चालत आला आणि आपल्याच गाडीखाली शिरला."

"अहो आई, मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होते की. धवलने गाडी सुरू केली तेव्हा ओरडले, अरे थांब, खाली बघ. तूच म्हणालीस, आई, हळू बोला, बाळ उठेल."

"पण तोवर तो... बाहेर पडला असेल ना?"

अनघाचा नंबर पडद्यावर आला, तरी ती जागची हलली नाही. आजींनी नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"गाडीला गचका बसला होता, आठवतंय? धवल म्हणाला, दगड असेल."