पन्नास परसेंट उपास

तुम्ही नेहमी विचारता ना, सून कशी निवडली म्हणून? परसेंटवर निवडली.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. नव्या नोकऱ्यांवरची पोट्टी हरेक गोष्ट परसेंटमध्ये बोलायची. शंकर नगरला मुलगी पाहायला निघालो, तर मुलानं मला आधीच बजावलं, "आई, तुझे उपास-तापास तिथं काढू नको हं. मले पोरगी पसंत हाये."

चहा-पोहे होईपर्यंत मी गप्प बसले, पण मग राहवलं नाही. म्हटलं, "बेटा, आमच्याकडे सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं असते. तुले जमेल का?"

मुलाचा चेहरा उतरला. पोरगी विचार करून म्हणाली, "आंटीजी, फिफ्टी परसेंट तो पक्का."

नाही तर म्हणाली नाही, मला तेवढाच धीर आला. विचारलं, "म्हणजे सोमवार तुझे आणि एकादशी माझ्या?"

"नहीं आंटीजी, हर व्रत में आधा-आधा. व्रत आप रखिए, उस दिन की रसोई मेरी."

इतकी वर्षं उपासही माझा आणि घरादाराचा स्वयंपाकही माझाच. अर्धा वाटा कोणी मागितलाच नव्हता! मी पिशवीतला नारळ काढून सरळ तिच्या ओटीत घातला.

मुलगाच घाबरला, "आई, पत्रिका तर पाह्यची हाये अजून!"

म्हटलं, "पाहू ना. पन्नास परसेंट जुळली तरी चालते."